जाळीदार पानं आणि शास्त्राच्या बाई

पालघरात आजवर जेवढी माणसं रागावली असतील त्या सगळ्यांचा राग एका हंड्यात ओतला, तरी आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंच्या एखाद्या साध्या सोमवारच्या रागाइतका तो भरायचा नाही. सोमवार म्हणतो, कारण रविवारी त्या डोंगरात असत आणि तिथे त्यांचा राग जरा विखुरला जाई. सोमवारी तो पुन्हा ताजा होऊन शाळेच्या फाटकातून आत येई. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. शिक्षकांच्या खोलीत बाईंची खुर्ची खिडकीशी आणि माझी त्यांच्या शेजारी, त्यामुळे फाटकातून आलेला राग पहिल्यांदा मला भेटत असे. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर त्या शिपायावर रागावत, आणि वेळेवर झाली तर "आज काय घड्याळ बिघडलं वाटतं तुझं?" म्हणून रागावत. खडू मोडला तर खडूवर. पॅसेंजर उमरोळीच्या अलीकडे उगाच थांबली तर खिडकीतून डोकं बाहेर काढून थेट सिग्नलवर. एकदा ग्रहणाच्या दिवशी नेमके ढग आले, तेव्हा पटांगणात चार वर्ग काळ्या काचा घेऊन उभे होते आणि बाई वर बघून ढगांना जे काही बोलल्या, ते ऐकून मुलं ग्रहणाला पुरती विसरली.

अंगाने त्या अगदी लहानखुऱ्या. पन्नाशीच्या पुढे-मागे, लग्न केलेलं नाही, सुती पातळ घोट्याच्या जरा वर, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात पुरुषी काळी छत्री. ती छत्री त्या पावसापेक्षा माणसांवर जास्त उगारत. पण एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःसाठी रागावलेलं मी पाहिलं नाही. शाळेच्या पायरीवरून पडून त्यांचा हात मोडला, तर पायरीबद्दल किंवा हाताबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मात्र हाडवैद्याने आधी आलेल्या एका सातपाटीच्या कोळणीला मागे बसवून बाईंना पुढे घेतलं, तेव्हा त्याला त्यांनी असं फैलावर घेतलं की आधी कुणाचं हाड बसवायचं तेच त्याला कळेना. शेवटी कोळणीनेच मध्यस्थी केली. "बाय, तुजा राग माज्या पाटीत घाल," ती म्हणाली, "बोंबलापेक्षा जास्ती खपंल." बाई मोडलेला हात सांभाळत इतक्या हसल्या की हाडवैद्य जास्तच घाबरला.

बाईंची सगळी माया मात्र एका जागी साठलेली होती. ती जागा म्हणजे सागाचं पान, आणि त्या पानावर राहणारा एक पतंग. पंख पसरले तर जेमतेम इंचभर. रंग हळदीसारखा पिवळा आणि पुढच्या पंखांवर तांबूस-गुलाबी नागमोडी रेघा, कुणी घाईघाईत टाके घालावेत तशा. पहिल्यांदा त्यांनी तो शिक्षकांच्या खोलीत काडेपेटीतून काढून दाखवला, तेव्हा हेडमास्तर कौतुकाने म्हणाले, "वा! केवढंसं हे फुलपाखरू!" बाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या तेव्हा हेडमास्तरांना वाटलं, अबोलाच बरा होता. "फुलपाखरू? मिशा बघा त्याच्या! टोकाला गाठ आहे? नाही ना? मग बी. ए. कशात केलंत तुम्ही? दिवसा हा उडतो का? पानाच्या खालच्या अंगाला निमूट बसून असतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आणि तुम्ही खुशाल त्याला फुलपाखरू म्हणून मोकळे!"

त्यानंतर हेडमास्तर काडेपेटी दिसली की खोलीबाहेर जात. ते सोपं नव्हतं, कारण बाईंच्या कापडी पिशवीत नेहमी सात-आठ काडेपेट्या असत आणि त्यातल्या जेमतेम एकीत काड्या असत. उरलेल्यांत अळ्या, कोष, नाहीतर नुकतेच निघालेले पतंग. एकदा मी चहासाठी स्टोव्ह पेटवायला त्यांच्या पिशवीतली काडेपेटी घेतली आणि उघडली, तर आतून काहीतरी पिवळं भुर्रकन माझ्या चष्म्यावर येऊन बसलं. "हलू नका!" बाई ओरडल्या. मी हललो नाही. तास सुरू झाल्याची घंटा वाजली तरी हललो नाही. बाईंनी आधी त्याची मापं घेतली, मग चित्र काढलं, आणि मग मला वर्गावर सोडलं.

त्या पतंगाचा सगळा जन्म मला पाठ झाला, तो असा धाकाने. मादी पानाच्या खालच्या बाजूला, शिरेच्या आडोशाला सुटं सुटं अंडं घालते. दोन-तीन दिवसांत त्यातून केसाएवढी अळी निघते. ती आधी स्वतःवर एक तलम जाळं विणते आणि त्याच्या आडोशाने पान खायला लागते. पण खाते ते फक्त शिरांच्या मधलं हिरवं. शिरेला तोंड लावत नाही. बारा-पंधरा दिवसांत ती पाऊण-एक इंच वाढते, अंग हिरवट, पाठीवर जांभळट पट्टे. आणि तोवर सुपाएवढ्या त्या सागाच्या पानाची नुसती जाळी उरलेली असते, उन्हात धरली तर पलीकडचा माणूस ओळखू येईल अशी. "आणि हे बघा," बाई पानातलं एक बारीक भोक दाखवत, "हे खाल्ल्याचं नाही. ही पळवाट. कुणी आलं की ती इथून पलीकडच्या अंगाला पसार होते, नाहीतर धाग्याला लोंबकळत खाली उतरते. आधी पळवाट, मग जेवण! एवढी अक्कल आपल्या शाळेच्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला असती तर दोन जिने झाले असते." पोट भरलं की अळी पान दुमडून किंवा खाली पडलेल्या पानांत कोष करते, पावसाळ्यात आठवड्याभरात पतंग बाहेर येतो, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. पाऊस ओसरता ओसरता यांच्या पिढ्यांवर पिढ्या निघतात आणि कधी कधी सबंध डोंगर त्या चाळून टाकतात.

माझ्यावर त्यांचा एक कायमचा राग होता, तो माझ्या विषयामुळे. पतंग दिव्यावर प्रेमाने झेप घेतो आणि जळून जातो, असं कुठल्याशा कवितेत मी शिकवत होतो. बाईंचा तास पलीकडच्या वर्गात होता. त्या भिंतीपलीकडून ओरडल्या नाहीत, थेट माझ्या वर्गाच्या दारातून आत आल्या. "मुलांनो, खोडा ते!" त्या म्हणाल्या. "प्रेमबीम काही नाही. दिव्याने त्याची दिशा चुकते. तो बिचारा घरी जायला निघालेला असतो." मुलांनी खरंच खोडलं. मी रागावलो, पण माझा राग त्यांच्यासमोर उभा राहण्याच्या लायकीचा नव्हता. आणि त्या दिवसापासून ती कविता मला पूर्वीसारखी शिकवता आली नाही, हेही खरं.

दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने बाई उमरोळीला उतरत आणि पूर्वेकडे तासभर चालून डोंगराखालच्या सागबनात जात. ते बन पालघरच्या एका शेटजींच्या मालकीचं. बनाच्या कडेला जान्या नावाच्या वारल्याची कुडाची झोपडी होती, आणि शेजारी पावसावर पिकणारा नाचणीचा आणि थोड्या भाताचा तुकडा. जमीन शेटजींची, राबणं जान्याचं आणि त्याच्या बायकोचं, असं त्याच्या बापापासून चालत आलेलं. पतंग कुठल्या झाडाला आधी लागतात, कुठली अळी पक्षी खातात आणि कुठली टाकून देतात, हे जान्या बाईंना दाखवायचा. तो सगळ्या जगाला 'तू' म्हणायचा, बाईंनाही. आणि बाई ज्या एकाच माणसासमोर वही काढून गप्प बसून लिहून घेत, तो जान्या होता. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. दोन्ही वेळा बाईंनी मला चालायचं कसं यावरून, आणि जान्याच्या बायकोने मी भाकरी एवढीच का खातो यावरून बोलून घेतलं.

एका वर्षी भाद्रपदात दुपारची सुट्टी संपता संपता जान्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. उमरोळीपासून चालत आला होता. गाल सुजलेला. बाई तासाला निघाल्या होत्या, त्या तशाच वळल्या.

"कुणी मारलं?"

"मुकादमान." जान्या जमिनीकडे बघत म्हणाला. "सांगतं, तू रानाला आग लावली. सगला साग करपला. शेट बोलतं, उद्या झोपडी मोड, नाय तर पोलिसात देतो."

"नाचणी?"

"उभी हाय. कापाला येक महिना हाय अजून."

बाईंनी छत्री उचलली. हेडमास्तर दारात आले. "बाई, तास आहे तुमचा, आठवीचा..." "तुम्ही घ्या!" बाई म्हणाल्या, "बेडकाचं हृदय आहे. तीन कप्पे. चौथा शिकवलात तर याद राखा." आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही चला. साक्षीला शहाणा माणूस नसला तरी चालतो, उभा असला की झालं."

शेटजींच्या घराच्या ओट्यावर झोपाळा होता. शेटजी झोपाळ्यावर, मुकादम खांबाला टेकून. शेटजी माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणत. मी मात्र आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही ते म्हणणार नाही. ज्याने चौकशी न करता दुसऱ्याला गाल सुजेपर्यंत मार खाऊ दिला आणि वर सुपारी कातरत बसला, त्याला चांगलं म्हणायला माझी लेखणी वळत नाही.

"आग कुणी पाहिली?" बाईंनी विचारलं.

"आग नाय पायली, पन झाडां करपलीत ना!" मुकादम म्हणाला. "सगला डोंगर तांबडा झालाय. गेल्या उन्हाल्यात शेटनी राबाला फांद्या तोडू दिल्या नाय, त्याचा सूड काढला यान."

राब म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात तो. त्यावरून दोघांत बोलाचाली झाली होती, हे खरं होतं. बाईंनी पिशवीत हात घातला, चार काडेपेट्या हलवून पाहिल्या आणि जी वाजली ती शेटजींच्या पुढ्यात झोपाळ्यावर ठेवली.

"हिच्यात काड्या आहेत. चला आपण सगळे. कालच पाऊस झालाय. पान ओलं, लाकूड ओलं, खालची माती ओली. तुमच्या हाताने एक, एकच सागाचं झाड पेटवून दाखवा. पेटलं तर या जान्याबरोबर मी तुरुंगात जाते. आणि हे मास्तरही येतील."

शेटजींनी काडेपेटीकडे पाहिलं, सुपारी तोंडात टाकली. "मग आग नसेल. औषध मारलं असेल काहीतरी. या लोकांना मुळ्या-पाल्यातलं फार कळतं."

"शेट," जान्या पहिल्यांदाच बोलला, "झाडाला मी कशाला मारू? माजा घर त्याच्या सावलीला हाय."

बाईंचा चेहरा त्या वेळी जो झाला तो मी त्याआधी पाहिला नव्हता. ओरडणाऱ्या बाई मला ठाऊक होत्या. या बाई हळू बोलत होत्या. त्यांनी पिशवीतून सागाचं एक पान काढलं, नुसत्या शिरांची जाळी उरलेलं, आणि ते उन्हात शेटजींच्या तोंडासमोर धरलं. "आगीने पान आक्रसतं. औषधाने डागळतं. ही नक्षी कशाने येते, सांगा. एक तरी शीर तुटलीय? तुमच्या मुकादमाने झाडाजवळ जाऊन एक पान तरी हातात घेतलं का, की लांबून तांबडं दिसलं आणि जो पहिला गरीब दिसला त्याला मारलं?"

शेटजी म्हणाले, एवढ्याशा किड्याने सबंध डोंगर खाल्ला हे त्यांना पटत नाही. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस द्या. तुमच्याच ओट्यावर, तुमच्याच डोळ्यांदेखत पटवून देते. तोवर याच्या झोपडीला आणि नाचणीला हात लागता कामा नये. "आणि लागला तर?" शेटजींनी विचारलं. बाई नुसत्या ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि छत्री आडवी मांडीवर घेतली. शेटजींनी ती छत्री पाहिली, रस्त्यावर जमलेली चार माणसं पाहिली आणि म्हणाले, "बरं, पंधरा दिवस."

दुसऱ्या दिवशी लोणच्याची एक मोठी बरणी त्या ओट्यावर आली. आत धडधाकट हिरवी सागाची पानं आणि अर्ध्या वाढलेल्या, मोजून वीस अळ्या. तोंडाला फडकं, त्यावर दोरी, आणि दोरीची गाठ शेटजींनी स्वतः मारलेली, म्हणजे बाईंनी काही लबाडी केली असं कुणी म्हणायला नको. रोज शाळेआधी बाई, त्यांच्यामागे मी आणि कधी कधी जान्या, असे तिथे हजर होत असू. शेटजी गाठ सोडत, बाई ताजं पान घालत, शेटजी पुन्हा गाठ मारत. पहिले दोन दिवस ते हे काम तोंड फिरवून करत. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानाची जाळी झाली. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर शेटजी चष्मा लावून बरणीला नाक चिकटवून बसले होते.

"बाई, ही कोपऱ्यातली कालपासून खात नाही. आजारी आहे का?"

"कात टाकतेय! तुम्ही अंगावरची कातडी काढून जेवून दाखवा!"

"असं होय," शेटजी म्हणाले आणि जरा बाजूला सरकले, तिला उजेड मिळावा म्हणून. पुढे पुढे तर आम्हाला पोचायला उशीर झाला की ते रस्त्यात येऊन उभे राहत. अळ्यांनी पानं दुमडून कोष केले तेव्हा "संपलं?" असं त्यांनी इतक्या हिरमुसल्या आवाजात विचारलं, की बाईसुद्धा त्यांच्यावर रागवायचं विसरल्या. मला मात्र विसरता येत नव्हतं. मुकादम रोज तिथेच खांबाला टेकून असायचा आणि जान्या आला की त्याच्यापासून चार हात लांब, उन्हात उभा असायचा. त्याला सावलीत ये असं कुणी म्हणत नव्हतं. एके दिवशी मी म्हणालो. जान्या आला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत मला कशावरूनही बोलल्या नाहीत.

पंधरावा दिवस उजाडायच्या आधीच, तेराव्या दिवशी सकाळी, शेटजींचा माणूस धावत शाळेत आला. "पाखरां निगाली!" आम्ही गेलो तर फडक्याच्या आतल्या अंगाला अकरा पिवळे पतंग ओळीने बसलेले, पंख वाळवत. खाली पानांचा नुसता सांगाडा. शेटजी कितीतरी वेळ बघत राहिले. मग मागे उन्हात येऊन उभ्या राहिलेल्या जान्याला म्हणाले, "जा. राहा तिथेच. नाचणी काप."

मला वाटलं, संपलं. जान्याही वळला. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"माफी मागा," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"याची."

"याची?" शेटजी हसले. त्या एका शब्दात जे होतं ते मला आजही जाळतं. त्याच माणसाने एका अळीला उजेड मिळावा म्हणून बाजूला सरकून जागा दिली होती.

बाई पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. शाळेची घंटा झाली असेल, एक तास गेला असेल, दोन गेले असतील. शेटजी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. जान्याच कासावीस झाला. "बाय, चल ना. नाचनीत चिमन्या पडल्या असतील. मना नको माफी."

"तुला नको असेल, मला हवीय."

अखेरीस शेटजी बाहेर आले आणि जान्याकडे न बघता भिंतीकडे बघून म्हणाले, "चुकलं असेल आमचं."

"'असेल' काढा."

मोठा श्वास सोडून शेटजी म्हणाले, "चुकलं."

जान्या मान खाली घालून उभा होता. बाईंनी बरणी उचलली, रस्त्यावर आल्या, फडकं सोडलं आणि त्या दुपारी पालघरच्या बाजाराच्या तोंडाशी अकरा पिवळे पतंग, दिवसा उडण्याची सवय नसलेले, गोंधळून इकडे तिकडे भिरभिरले. "सागाकडे, मूर्खांनो! तिकडे!" बाई त्यांच्यावर ओरडत होत्या.

इथेच ही हकीकत संपली असती तर बरं झालं असतं. या अळीने झाड मरत नाही असं बाईंनी शेटजींना सांगितलं होतं, तसंच झालं, तांबडा पडलेला डोंगर दिवाळीपर्यंत पुन्हा पालवला. जान्याने नाचणी कापली, त्याच्या बायकोने बाईंसाठी भाकऱ्या पाठवल्या. पण होळीच्या सुमाराला शेटजी शाळेत आले, चांगले हसतमुख, आणि बाईंना म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले. तुम्ही डोळे उघडलेत. दरवर्षी ही अळी येणार असेल तर साग ठेवून करायचं काय? लाकडाच्या ठेकेदाराला देऊन टाकला सगळा. परवापासून तोड सुरू होतेय. जमीनही जाईल त्याबरोबर."

मी बाईंच्या रागाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. शेटजी गेल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, त्याने झाड मरत नाही, हे मी सांगितलं होतं ना त्यांना?"

"दोनदा सांगितलंत. मी ऐकलंय."

"मग?"

त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर सागबनात गेलो. डोंगर उघडा पडला होता. कुऱ्हाडी चालवणारी माणसं जान्यासारखीच, कुठून कुठून आलेली, घामाने निथळणारी. त्यांच्यावर काय रागवायचं? बाईंनी छत्री उघडून एका बुंध्यावर बसून घेतलं. जान्या झोपडीचे वासे सोडवत होता. "तारापूरला मोठा काम निगाला हाय," तो म्हणाला, बाईंचीच समजूत घालत असल्यासारखा. "आमी तथं जातो. सगली जातात." त्याच्या बायकोने कुडाची भिंत हाताने चाचपली, एक कुडाची काठी उपटली आणि बाजूला ठेवली. "मी सांगायलाच नको होतं," बाई म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. जान्या म्हणाला, "नाय सांगला असता तर मी जेलात असता, बाय." बाईंनी मान हलवली, पण ते पटल्यासारखी नव्हे.

त्यानंतरही बाई रागावत होत्या. शिपायावर, खडूवर, माझ्यावर. पण पूर्वी त्यांच्या रागात पुढे काहीतरी घडणार असा भरवसा असायचा. आता तो सवयीसारखा यायचा आणि निघून जायचा. दोन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत त्या भावाकडे गेल्या होत्या, तिथे साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. शाळा उघडली तेव्हा शोकसभा झाली. हेडमास्तर बोलायला उभे राहिले, 'बाईंची शिस्त' एवढं म्हणाले आणि खाली बसले. खिडकीशेजारची खुर्ची नव्या शिक्षकांना दिली, ते फार शांत होते. मी जागा बदलून मागितली.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात काही कामाने बोईसरला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो, तर समोरून जान्या आला. खाकी शर्ट, डोक्याला फडकं, हाताला सिमेंट. मला बघून त्याचं तोंड फुललं. सालवडला राहतो म्हणाला, बायकोही कामावर जाते म्हणाला. आणि मग, "बाय कशी हाय?"

"बाई गेल्या, जान्या. दीड वर्ष झालं."

त्याने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. मला वाटलं रडेल. पण या मवाळ माणसाचा आवाज एकदम असा चढला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

"मना कोनी सांगला नाय!"

"तुझा पत्ता नव्हता रे आमच्याकडे..."

"पत्ता? सालवडात येऊन कोनाला पन इचारला असता तर दावला असता! तू मास्तर ना? शिकलेला ना? येवडी तुमी मानसां, येकाला पन आठवला नाय, जान्याला सांगू? मी चालत आला असता! खांद्यावर नेला असता मी तिला! दीड वरीस मी आपला समजतं, बाय हाय, पालघरला हाय, कोनाला तरी वरडत असंल..."

एक हमाल थांबून बघत होता. दोन बायका पाट्या खाली ठेवून ऐकत होत्या. मी मान खाली घातली आणि ऐकत राहिलो. माझी गाडी आली, थोडा वेळ थांबली आणि गेली. जान्या अजून बोलतच होता, आणि त्याने थांबू नये असं मला वाटत होतं.